मुलाकडे जाऊन येतो, एवढंच सांगायचं?

ऐरोलीहून एका ६७ वर्षांच्या गृहस्थांचं पत्र आलंय. रबाळ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त, बारा वर्षांपासून मधुमेह, घरात नवरा-बायको दोघंच. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि होऊन आल्यावरही मोकळं वाटत नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, वाढून ५८ ग्रॅम, लघवी झाल्यावर आत ९० मिलिलिटर शिल्लक. पीएसए, ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, ठीक. आठ महिने लघवीची वाट सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी चालू आहे, फरक थोडाच. वाशीच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: आणखी एक गोळी जोडून बघू, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. मुलगा जर्मनीत, म्युनिकला असतो. तो म्हणतो, ‘बाबा, मे महिन्यात नेहमीसारखे व्हिजिटर व्हिसावर या. इथे लेझरने करून टाकू, तीन महिन्यांत ठणठणीत होऊन परत जा.’ यांनाही ते पटलंय, कारण सोसायटीतल्या एकांना याच ऑपरेशननंतर सहा महिने डायपर लावावा लागला होता. ‘आपल्याकडे नकोच’ असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. बायकोला ऑपरेशनचं बोललेले नाहीत, मुलाकडे जाऊन येतो एवढंच सांगणार आहेत. आणि सही केल्यावर खाली आणखी एक ओळ: ‘या ऑपरेशननंतर नवरा-बायकोचं सगळं संपतं म्हणतात. तिकडच्या लेझरने ते टळतं का?’

नमस्कार.

सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही सहीच्या खाली लिहिलात, म्हणून मी खालूनच सुरुवात करते. मी डॉक्टर नाही. तुमचे आकडे नाव-गाव न सांगता ओळखीच्या दोन यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांना, वाचून दाखवले. त्यांनी सांगितलेल्यात माझ्या पदरचंही थोडं मिसळलंय. कुठलं कुणाचं ते तुम्हाला कळेलच.

ताठरता ज्या नसांमुळे येते त्या प्रोस्टेटच्या बाहेरून जातात. हे ऑपरेशन होतं आतून, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून. मोसंबीची साल तशीच ठेवून आतला गर काढावा, तसं. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी जे जसं होतं, ते बहुतेकांचं नंतरही तसंच राहतं. खरं तर त्या बाबतीत ऑपरेशनपेक्षा बारा वर्षांचा मधुमेहच जास्त नडतो. तसं होत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावर वेगळे उपाय आहेत.

बदलतं ते वीर्याचं. मूत्राशयाचं तोंड मोकळं झाल्यामुळे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय होत नाही. शेवटचं सुख बहुतेकांना मिळतं, काहींना ते थोडं फिकं वाटतं. मूल हवं असलेल्या तरुण माणसाने यावर आधी नीट बोलून घ्यायला हवं, तुमच्यासाठी तो प्रश्न नसावा. आणि मुलगा ज्या लेझरबद्दल बोलतोय ते होलेप, म्हणजे होल्मियम लेझरने ग्रंथीचा आतला भाग सोलून काढणं असेल, तर वीर्य मागे जाणं त्यात बहुतेक पुरुषांत होतंच, अगदी जुन्या टीयूआरपीत, म्हणजे विजेच्या तारेने ग्रंथी आतून खरवडण्यात होतं तसंच. म्युनिकला काय आणि वाशीला काय. म्हणजे जे टाळायला तुम्ही तिकडे निघालात, ते तिकडे तुमच्या आधीच हजर असेल. सध्याच्या टॅमसुलोसिननेही काहींना तसं होतं. आठ महिन्यांत कदाचित तुमच्या लक्षात आलंही असेल.

वीर्य जपण्याला तुमच्या दृष्टीने महत्त्व असेल, तर त्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत. रेझुममध्ये वाफेने ग्रंथी आकसवतात, यूरोलिफ्टमध्ये बारीक टाचण्यांनी दोन्ही बाजू ओढून वाट मोकळी करतात. दोन्हींत वीर्य बहुतेक वेळा जपलं जातं. मात्र ग्रंथीचा आकार आणि ठेवण बघूनच त्या करता येतात, आणि काही वर्षांनी पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता होलेपपेक्षा त्यांच्यात जास्त. दोन्ही भारतात होतात. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘लेझर आहे का’ हा नाही. ‘माझं वीर्य जपलं जावं अशी इच्छा आहे, माझ्या ग्रंथीला काय बसेल?’ असं विचारा. हे वाक्य तोंडातून निघायला जड जातं, ठाऊक आहे. कागदावर लिहून न्या आणि कागद टेबलावर सरकवा. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने ते हजारदा ऐकलेलं असतं.

आता वहिनींचं. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होता. साठी उलटल्यावर माझ्या वडिलांनी खाटेखाली, ट्रंकेच्या मागे एक निळ्या झाकणाची बरणी ठेवायला सुरुवात केली. पहाटे कुणी उठायच्या आत ते ती पंच्याखाली धरून गॅलरीतून जायचे आणि धुऊन आणायचे. आई जागी असायची. ते परत येऊन आडवे होईपर्यंत डोळे मिटून पडून राहायची, मग उठून नळाखाली हंडा लावायची. कित्येक वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालला. वडील गेल्यावर आईने मला सांगितलं, ‘एकदा तरी म्हणाले असते तर डॉक्टरकडे मीच घेऊन गेले असते.’ तुम्ही रात्री पाच वेळा उठता, दिवा लावता, फ्लश ओढता. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये वहिनींना हे ऐकू येत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटतेय ती दोघांची आहे. त्यांना न विचारता तुम्ही त्यांचीही भीती ठरवून टाकलीत.

शेजाऱ्यांच्या डायपरचं थोडक्यात सांगते. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे थेंब-थेंब गळणं, घाई लागणं हे बऱ्याच जणांना होतं, होलेपनंतर थोडं जास्तच. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून केले तर ते लवकर आटोक्यात येतं. कायमचं गळत राहणारे थोडे. त्यांचं वय काय होतं, आधी किती वर्षं लघवी तुंबत होती, पक्षाघात वगैरे होता का, यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. लिफ्टमध्ये ऐकलेल्या अर्ध्या वाक्यावर तुम्ही अख्खा देश बाद केलात! त्याच सोसायटीत हेच ऑपरेशन होऊन आरामात फिरणारे आणखी चार जण असतील. ज्याचं नीट झालं तो बोलत नाही, इतकंच.

तुमच्या पत्रात ‘आपल्याकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्द मला सात वेळा सापडले. होलेप काही जर्मनीची मिरास नाही. ते १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये, तौरंगा नावाच्या गावी पीटर गिलिंग आणि सहकाऱ्यांनी विकसित केलं. आपल्याकडेही ते बरीच वर्षं होतंय. गुजरातेत नडियादला मुळजीभाई पटेल यूरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे, १९७८पासूनचं, फक्त किडनी आणि मूत्रविकारांचं. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचता येतं. केईएम, शीव, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत यूरॉलॉजी विभाग आहेत. ठाणे-नवी मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलांची नावं मी घेत नाही, कारण उद्या ती जाहिरात वाटेल. भारत सरकार परदेशी रुग्णांसाठी वेगळा मेडिकल व्हिसा देतं, आणि आखातातून, आफ्रिकेतून माणसं उपचारांना आपल्याच शहरांत येतात. ती विमानात बसून इकडे येतायत आणि तुम्ही तिकडे निघालाय!

यंत्र दोन्हीकडे सारखंच असतं. बघायचा तो हात. होलेप शिकायला अवघड मानतात, म्हणून सर्जनला सरळ विचारा: तुम्ही स्वतः हे किती केलेत, गेल्या वर्षभरात किती, माझ्याएवढ्या ग्रंथीचे किती? चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. चिडलाच, तर उत्तर मिळालं असं समजा.

तरीही म्युनिकचा हिशेब मांडून बघू, कारण असं पत्र लिहिणारे तुम्ही एकटे नाही. मुलं कॅनडात, दुबईत, सिंगापूरला असलेल्या आई-वडिलांकडूनही मला हेच येतं, फक्त कुणाचा गुडघा असतो, कुणाचा मोतीबिंदू.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन ठरवून ऑपरेशन करायचं, म्हणजे अर्जात प्रवासाचं कारण खोटं लिहायचं. ठरवून केलेल्या उपचारांसाठी वेगळा अर्ज असतो. त्याला तिथल्या हॉस्पिटलचं पत्र, खर्चाचा अंदाज आणि पैशांची तजवीज दाखवावी लागते. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा जो विमा काढावा लागतो, तो अचानक आलेल्या आजारपणासाठी आणि अपघातासाठी असतो. घरून ठरवून नेलेल्या प्रोस्टेटला त्यातून दमडी मिळत नाही. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात मुलाची बायको-मुलं येऊ शकतात, भेटीला आलेले आई-वडील येत नाहीत. सगळं बिल खिशातून, युरोत. मुलाने हा भाग तपासलाय का, की फक्त आपल्या डॉक्टरबद्दल चांगलं बोललाय?

मग दिवस मोजा. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यात पहिली भेट, तपासण्या, भूल देणाऱ्यांची तपासणी आणि मग मिळेल ती तारीख. ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी साधारण एक ते तीन दिवसांत निघते आणि माणूस घरी येतो. खरी कसोटी इथून पुढची. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. बहुतेक वेळा पाणी पिऊन, विश्रांती घेऊन ती निवळते. क्वचित गुठळ्या होतात, लघवी तुंबते आणि रात्री दोन वाजता पुन्हा नळी घालावी लागते. तेव्हा फोन कुणाला करायचा? तिथल्या डॉक्टरला इंग्रजी येत असेल, रात्रपाळीच्या नर्सला येईलच असं नाही. मुलगा टूरवर असला तर सूनबाई लहानग्याला कडेवर घेऊन तुमची लघवीची लाल पिशवी बघणार. वहिनींपासून जे लपवायला एवढं विमान पकडलं, ते सुनेसमोर उघडं पडणार.

काढलेल्या तुकड्यांची तपासणीही होते, कारण कधीकधी त्यात कर्करोग दडलेला निघतो. तो रिपोर्ट जर्मनमध्ये हातात पडेल आणि पुढची वर्षानुवर्षांची देखरेख ऐरोलीत व्हायची असेल. परतीचं विमान आठ-एक तासांचं. बरेच सर्जन ऑपरेशननंतर काही आठवडे एवढा लांब प्रवास नको म्हणतात, रक्तस्रावासाठी आणि पायात गुठळी होण्याच्या भीतीने. बॅग उचलायची नाही, जोर करायचा नाही. विमानतळ आता उलव्यात आला तरी ट्रॉलीवर बॅग कुणीतरी चढवावीच लागते.

परदेशी करणं कधीच शहाणपणाचं नाही, असं मी म्हणत नाही. तुम्ही तिथले रहिवासी असता, विमा असता, वर्षातले आठ महिने तिकडेच राहत असता, तर ‘तिथेच करा’ म्हणाले असते. रोज जिथे राहता तिथलं डॉक्टर-औषध जवळचं. याच न्यायाने तुमचं ऑपरेशन, झालंच तर, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर व्हावं.

मुलाला दुखवायचं नाही, हेही मला पत्रातून जाणवलं. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, आणि त्याच्या हातात असतं ते त्याच्या गावचं हॉस्पिटल. त्याला दुसरं काम द्या. ऑपरेशन ठरलं तर दहा दिवसांची रजा घेऊन इकडे ये म्हणा, रात्री हॉस्पिटलमध्ये झोपायला. त्याआधी सगळे रिपोर्ट त्याला पाठवा आणि व्हिडिओवर दुसऱ्या एखाद्या यूरॉलॉजिस्टचं मत घ्यायला लावा. म्युनिकच्या डॉक्टरचं मत घेतलं तरी हरकत नाही. मतासाठी व्हिसा लागत नाही.

आता ऑपरेशन मुळात आत्ता हवंय का? वाशीच्या डॉक्टरांनी जो पहिला पर्याय दिला, त्यावरून तुम्ही उडी मारून पुढे गेलात. ५८ ग्रॅमच्या ग्रंथीला ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडसारखी गोळी उपयोगी पडू शकते. ती ग्रंथी हळूहळू लहान करते, पण पुरता परिणाम दिसायला सहा महिने द्यावे लागतात. काहींची इच्छा मंदावते, हे आधी माहीत असलेलं बरं. या गोळीने पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, तेव्हा पुढे कुणीही पीएसए तपासला तर ‘मी ही गोळी घेतोय’ हे सांगायचं. आणि टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरला ते न विसरता सांगायचं, कारण बाहुलीवर परिणाम होतो. ही एक गोष्ट केमिस्टकडे कुणी सांगत नाही म्हणून इथे घुसडली.

रात्रीचं उठणं सगळं प्रोस्टेटच्या माथी मारू नका. साखर चढी असली की लघवी वाढते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटेच साखर बाहेर काढतात, म्हणजे लघवी वाढणारच. बीपीची पाणी काढणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घेतलेली चालेल का, ते विचारा. रात्री नऊच्या मालिकेबरोबर चहा होतो का? मधुमेहाने मूत्राशयाचे स्नायूही ढिले पडू शकतात. तसं असेल तर वाट मोकळी करूनही जोर यायचा नाही, म्हणून ऑपरेशनआधी लघवीच्या धारेची तपासणी, गरज वाटली तर यूरोडायनॅमिक्स, म्हणजे मूत्राशयाचा दाब आणि जोर मोजायची तपासणी, करून घ्या.

मात्र पुढचं काहीही झालं तर मे महिना, मुलगा, हा लेख, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: लघवी अजिबात न होणं, लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढत असेल तर गोळ्यांवर महिने काढायचे नाहीत.

पैशांचं, तुमच्यासाठी आणि इतरांसाठीही. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत प्रोस्टेटसाठी पहिली दोन वर्षं थांबावं लागतं. तुमची पॉलिसी जुनी असेल तर तो प्रश्न मिटला. लेझरने केलेलं प्रोस्टेटचं ऑपरेशन विम्याच्या ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत येतं, पण त्यावर कमाल रकमेची मर्यादा असू शकते, ती पॉलिसीत शोधा. अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात लेझरचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुम्हाला अजून तीन वर्षं आहेत, पण वाचणाऱ्यांतल्या कुणाला आजच उपयोगी पडेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलू द्यायचं.

आणि म्युनिकला जरूर जा. पाहुणे म्हणून. नातवंडाला बागेत न्यायला. मधल्या वाटेकडची सीट घ्या, विमान उतरायला लागून पट्ट्याचा दिवा लागायच्या आधी एकदा जाऊन या, विमानातल्या फुकट वाइनला नको म्हणा. सर्दी झाली तर नाक मोकळं करणारी गोळी मुलाच्या डब्यातून घेऊन टाकू नका, त्या गोळ्यांनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी तुंबते आणि सहलीचा पहिला दिवस इमर्जन्सीत जातो. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून.

त्याआधी घरात एक काम. जुना प्लास्टिकचा मग घ्या, मापाने पाणी ओतून त्यावर शंभर, दोनशे, तीनशेच्या खुणा मार्करने करा आणि बाथरूममध्ये ठेवा. शेजारी वही आणि पेन. सलग तीन दिवस आणि तीन रात्री, किती वाजता, किती मिलिलिटर, त्याआधी काय प्यायलात, एवढंच लिहायचं. रात्री किती बनते आणि दिवसा किती, हे त्यातून डॉक्टरला बरंच कळतं. बाथरूममध्ये खुणांचा मग दिसला की वहिनी विचारतीलच, हे काय.